तीस संध्याकाळी आणि एक छत्री

आमच्या स्टुडिओत धूळ साठू देत नाहीत. सकाळी आल्या आल्या टेबलं पुसायची, जेवून आलं की पुन्हा पुसायची, निघताना तिसऱ्यांदा. मॅडम सिम टेबलांवरून बोट फिरवून बघतात. एवढं करूनही किस्से साठतातच. त्यांच्यासाठीचं फडकं अजून कुणी काढलेलं नाही.

आणि ते माझ्याकडेच साठतात. मी कमी बोलते. त्यामुळे लोकांना वाटतं, हिला ऐकूही कमी येत असणार, आणि ते माझ्यासमोर सगळं बोलून मोकळे होतात. लग्नानंतर इथे सिंगापूरला यायच्या आधी सासरी होते तेव्हा सासूबाईंनी शेजारणीला सांगितलं होतं, "सून इतकी शांत आहे, घरात आहे की नाही कळत नाही हो!" हे कौतुक होतं की तक्रार, ते मला अजून कळलेलं नाही.

तर आधी मंडळी सांगते. आंग मो किओच्या एका इंडस्ट्रियल बिल्डिंगमध्ये, पाचव्या मजल्यावर, सर्किट बोर्डवाल्यांच्या शेजारी आमचा स्टुडिओ. काम जुन्या कागदांच्या दुरुस्तीचं. नकाशे, पत्रं, चित्रं. मालकीण मॅडम सिम, साठीच्या, चष्मा गळ्यात आणि दुसरा डोक्यावर. मग सावंत सर. मूळचे मालवणकडचे, मुंबईत चित्रकला शिकले आणि गेली वीस वर्षं इथे माउंट कापताहेत. माउंट म्हणजे फ्रेममध्ये चित्राच्या कडेवर बसते ती पुठ्ठ्याची चौकट. आणि तिसरी मी, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. माझा वर्क पास ह्या स्टुडिओच्या नावावर आहे. प्रोबेशन हुकलं की हौगांगच्या फ्लॅटमध्ये बसून निनादची वाट बघायची. निनाद म्हणजे नवरा. तुआसला एका कारखान्यात इंजिनिअर आहे. पहाटे साडेपाचला जातो आणि येतो तेव्हा त्याला बूट काढायचंही त्राण नसतं. वाट बघण्यासारखं त्यात फारसं काही नाही.

आणि चौथे साहेब. साहेब वारून दोनशे वर्षं होऊन गेली. इंग्लंडात लोक नुकते कुठे जलरंगात डोंगर-झाडं रंगवायला लागले होते, त्या पहिल्या फळीतला हा चित्रकार. सावंत सर त्याला साहेब म्हणतात, म्हणून मीही. ह्या साहेबांची तीस चित्रं मिस्टर क्वेक नावाच्या ऐंशीच्या गृहस्थांनी आयुष्यभर एकेक करून जमवली होती. गेल्या वर्षी त्यांची बायको गेली. तिच्या आठवणीसाठी एका गॅलरीत प्रदर्शन ठरलं. तिसांतलं प्रत्येक आकाश गुलाबी, मावळतीचं. म्हणून प्रदर्शनाचं नाव 'तीस संध्याकाळी'. तीसही चित्रं जुन्या माउंटमधून काढून, तपासून, नव्या माउंटमध्ये बसवायचं काम आमच्याकडे आलं. प्रदर्शनाचा पहिला आठवडा आणि माझ्या प्रोबेशनचा शेवटचा आठवडा एकच!

* * *

खोकी आली तो माझा तिथला दुसरा आठवडा. मॅडमनी फर्मान काढलं, "गर्ल, जे जे बाहेर येईल त्याचा कंडिशन रिपोर्ट. एकही वस्तू रिपोर्टशिवाय शेल्फवर जाणार नाही."

तीस चित्रं निघाली. एकतिसाव्या खोक्यातून, बबल रॅपच्या सहा थरांमधून, छत्री निघाली.

मी सावंत सरांच्या टेबलाकडे बघितलं. ते जेवायला गेले होते. मॅडम फोनवर होत्या. विचारायला तोंड उघडायचं तर आधी वाक्य जुळवावं लागतं. त्यापेक्षा रिपोर्ट लिहिणं सोपं. मी लिहिला. 'वस्तू क्रमांक एकतीस. छत्री, पुरुषी, काळी. आठ काड्या, पैकी एक वाकलेली. मुठीला तडा. पूर्वीची दुरुस्ती : दोऱ्याने. बुरशी नाही. प्रकाशामुळे रंग उडाल्याची चिन्हं नाहीत.' कापड आतून तपासायचं म्हणून छत्री उघडली, आणि मॅडम फोन टाकून धावत आल्या.

"बंद कर! छपराखाली छत्री उघडतात का? भुतं येऊन बसतात खाली!"

मी बंद केली. घरात छत्री आपल्याकडेही उघडू देत नाहीत, पण आपल्याकडे कारण कुणी सांगत नाही.

मग उलगडा झाला. मिस्टर क्वेकनी पॅकर्सना सांगितलं होतं, "भिंतीवर जे जे टांगलंय ते सगळं न्या." छत्री चौदा नंबरच्या चित्राखाली खिळ्याला टांगलेली होती. माणसं बिचारी सांगितल्याप्रमाणे वागली. माझ्यासारखीच.

सावंत सर जेवून आले, सगळे एकतीस रिपोर्ट वाचले, आणि म्हणाले, "काम चांगला केलंस गो. सायबाच्या चितरांपेक्षा छत्रीची तब्येत बरी आसा!"

* * *

साहेबांचं चरित्र लिहायचं काम गॅलरीच्या एड्रियनकडे होतं. एड्रियन क्युरेटर आहे, तिशीचा, कायम काळा शर्ट. अडचण अशी की साहेबांबद्दल कुणाला काही धड माहीत नाही. आधी नकाशे छापणाऱ्याकडे नकाशात रंग भरायचे. मग एका उमरावाने इटलीच्या सफरीवर सोबत नेलं. आजकाल लोक फोन नेतात तसा तेव्हा चित्रकार नेत. परत आल्यावर सगळी चित्रं उमरावाने ठेवून घेतली. पुढे साहेब श्रीमंतांच्या मुलींना चित्रकला शिकवत पायी हिंडले आणि कुठल्याशा गावात वारले. त्यांचं स्वतःचं चित्र कुणी काढलेलं नाही.

मागे उरली सात पत्रं. सातही पत्रं जोड्यांबद्दल आहेत. उजवा चावतो. डाव्यात पाणी जातं. नवे शिवायला टाकलेत, चांभार आजारी आहे.

ह्यातून एड्रियनने पाटी तयार केली : 'आयुष्याच्या खडतर वाटेवर एकाकी चालणारा, मावळतीत रमणारा हा विषण्ण कलावंत...'

सावंत सरांनी ती मोठ्यांदा वाचली. "विषण्ण कशावरून रे?"

"तीसच्या तीस संध्याकाळी, अंकल! एकही सकाळ नाही. आणि जोडे बघा ना. जोडे हे प्रतीक आहे."

"कशाचं?"

"वेदनेचं."

"जोडो चावलो तर वेदना होतलीच!" सर म्हणाले, आणि पुन्हा पुठ्ठा कापायला लागले.

* * *

साहेबांचं कसब मात्र वादातीत. सातव्या चित्रात उमरावाची हवेली आहे, तळं आहे, हरणं आहेत, आणि उजवीकडे एक भलंमोठं झाड आहे. ते झाड काही केल्या खरं वाटत नाही. बाकी झाडं पान अन् पान मोजून काढलेली, आणि हे एक म्हणजे नुसता हिरवा गोळा.

एका दुपारी मी दिवा आडवा धरून कागद बघत होते. आडव्या उजेडात कागदावरचे ओरखडे दिसतात. झाडाच्या पोटात घर दिसलं. छप्पर, धुराडं, दोन खिडक्या. साहेबांनी आधी शेजाऱ्याचं घर प्रामाणिकपणे रंगवलं होतं. मग चाकूने खरवडून वर झाड लावलं. उमरावाला आपल्या चित्रात शेजारी नको असणार.

मी सावंत सरांना बोलावलं. ते बराच वेळ वाकून बघत राहिले.

"सोसायटीचा भांडण," ते म्हणाले. "तेव्हापासून चालू आसा."

* * *

आता विश्रांतीचं सांगते. जलरंगाला उजेड सोसत नाही. चित्र काही महिने भिंतीवर टांगलं की काही वर्षं अंधारात ठेवावं लागतं. टांगलेलं असतानाही दिवा मंद, खिडकीला पडदा, बाजूला आर्द्रता मोजायचं यंत्र. चित्र काय एवढं कष्ट करतं? तर लोक त्याच्याकडे बघतात. एवढंच.

हे मी एका रविवारी निनादला सांगितलं. तो सोफ्यावर आडवा होता. डोळे मिटलेले, एक मोजा पायात, एक हातात.

"म्हणजे तीन महिने ड्यूटी आणि तीन वर्षं रजा?"

"साधारण."

"एम्प्लॉयमेंट पास कुठला असतो त्यांचा?"

मी हसले. आमचं लग्न झाल्यापासूनचं हे बहुधा सगळ्यात लांब संभाषण होतं. तो पुढेही काही बोलणार होता, पण झोप लागली. मी त्याच्या हातातला मोजा काढून घेतला आणि पडदा ओढला.

* * *

मिस्टर क्वेक दर गुरुवारी येत. बसने, एकटे, चित्रांना भेटायला. येताना आमच्यासाठी नारळाच्या वड्यांसारखे कुए आणत. स्टुडिओत खाणं आणायला सक्त बंदी. मग मॅडम, सावंत सर, मी आणि ते, असे चौघं मालाच्या लिफ्टसमोर उभे राहून खायचो. लिफ्टवाल्यांना वाटत असेल, ह्यांना आत कुणी बसू देत नाही.

एकदा मी धीर करून म्हटलं, "सर, तुमची छत्री आमच्याकडे चुकून आलीय. घेऊन जाता का?"

ते म्हणाले, "राहू दे. ती चौदा नंबरच्या सोबत असते."

मग तिथेच, हातात कुए धरून, त्यांनी सांगितलं. बायको शाळेत भूगोल शिकवायची. शेवटची दोन वर्षं तिला विसरायला व्हायला लागलं. आधी नावं गेली, मग रस्ते, मग मुलं. पण रोज पाच वाजता ती चौदा नंबरच्या चित्रासमोर खुर्ची टाकून बसायची. चित्रात एक गावरस्ता आहे, एक झाड, आणि रस्त्यावरून चाललेलं एक जोडपं. वर सगळं आकाश गुलाबी. थोडा वेळ बघून ती उठायची आणि म्हणायची, "चला, जाऊन येऊ तिथपर्यंत. पण छत्री घ्या. ऊन फार आहे."

"मी म्हणायचो, अगं, संध्याकाळ आहे, आकाश बघ! ती म्हणायची, आकाश काय बघता? जमीन बघा." मिस्टर क्वेक हसले. "रोज भांडण. शेवटी छत्री तिथेच टांगून ठेवली. तिने मागितली की काढून द्यायची. ती हातात घेऊन बसायची. डॉक्टर म्हणाले, अशा वेळी वाद घालू नका, आजारच आहे तो."

"तुमचं ऐकत नव्हत्या?" मॅडमनी विचारलं.

"पन्नास वर्षं ऐकलं नाही हो! तेव्हा कुठे आजारी होती!"

सगळे हसले. मग ते हळूच म्हणाले, "एकदा तरी मी हो म्हणायला हवं होतं. हो, ऊन आहे. काय बिघडलं असतं माझं?"

लिफ्ट आली. कुणीच आत गेलं नाही. ती परत खाली गेली.

* * *

प्रदर्शनाला दहा दिवस राहिले. बॅनर छापून आले, पाट्या आल्या. सोपी चित्रं आधी उरकायची म्हणून मोठी चित्रं मागे ठेवली होती. त्या सोमवारी मी चौदा नंबर हातात घेतलं.

जुना माउंट निदान शंभर वर्षांचा असेल, कडा तपकिरी झालेल्या. मी पातळ पातं घालून तो हळूहळू उचलला. आणि खालून निळा निघाला.

चित्राच्या वरच्या कडेला, बोटभर रुंदीची, स्वच्छ निळी पट्टी. माउंटने झाकलेल्या भागाला उजेड कधी लागलाच नव्हता. पट्टी संपते तिथून गुलाबी सुरू. मधली रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ.

सावंत सरांना माझं न बोलणं ओळखता येतं बहुतेक. ते आपले उठून आले. बघितलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं.

"नीळ," ते म्हणाले. "आकाशाला नीळ वापरली सायबानं, आत जरा तांबडी माती मिसळून. नीळ उजेडानं उडते. माती ऱ्हवते. म्हणान गुलाबी." मग सुस्कारा सोडून म्हणाले, "हिंदुस्थानातूनच गेली असतली ही नीळ. आपल्या मालावर भरवसो ठेवलो बिचाऱ्यान!"

उरलेल्या चित्रांच्या कडा आम्ही तपासल्या. मग ज्यांचे माउंट आधीच बदलले होते तीही खोलली. घाईत आणि सवयीने आम्ही ज्याला कडेचा मळ समजलो होतो तोही निळाच होता. कुठे बोटभर, कुठे केसाएवढा.

एकही संध्याकाळ नव्हती. तीसही भर दुपारी रंगवलेली!

एड्रियन धावत आला. त्याचा शर्ट त्या दिवशीही काळाच होता. "माउंट परत लावा," तो म्हणाला. "प्लीज. कोण बघणार आहे आत? बॅनर छापलाय. म्हातारा तीस संध्याकाळींच्या जोरावर जगतोय. त्याला सांगणार, की तुम्ही आणि तुमची बायको जन्मभर उडालेल्या रंगाकडे बघत बसलात?"

मी हातातलं पातं खाली ठेवलं.

मॅडम सिमनी दोन्ही चष्मे टेबलावर ठेवले. "चौदा नंबरचा रिपोर्ट कुणाच्या सहीचा?"

"माझ्या," मी म्हटलं.

"मग काय लिहायचं ते तू ठरव. सही करशील ते मी क्लायंटला देईन. गुरुवारी येतोय तो." आणि जरा थांबून, "पुढच्या शुक्रवारी तुझ्या प्रोबेशनचा कागद माझ्या टेबलावर आहे. ह्याचा त्याच्याशी काही संबंध नाही."

संबंध नाही असं कुणी मुद्दाम सांगितलं की किती संबंध आहे ते कळतं.

* * *

त्या दिवशी निनाद लवकर आला होता. म्हणजे साडेआठला. मी वरणभात वाढला आणि त्याला सगळं सांगितलं. एका दमात. तो चमचा हातात धरून ऐकत राहिला.

"तू एवढं बोलतेस?" तो म्हणाला.

"सांग ना. लिहू की नको?"

"अगं, मला काय विचारतेस! आमच्या प्लांटला खिडकी नाही. संध्याकाळ काय न् दुपार काय, मला दोन्ही दिसत नाहीत." मग जरा वेळाने ताट बाजूला सारत म्हणाला, "पण त्या बाई म्हणायच्या ना, जमीन बघा? तू बघितलीस?"

नव्हती बघितली. पाच महिने त्या चित्रासोबत होते. कागदावरचा प्रत्येक डाग मोजला होता. वाळवीची दोन भोकं नोंदवली होती. पण चित्र असं बघितलंच नव्हतं.

मंगळवारी सगळ्यांच्या आधी गेले आणि बघितलं. रस्ता, झाड, चाललेलं जोडपं. झाडाची सावली बुंध्याभोवतीच गोळा झालेली. बाईची सावली तिच्या पायांशी, थाळीएवढी. संध्याकाळच्या सावल्या लांब होतात, हे चौथीतल्या पोरालाही ठाऊक असतं. भूगोलाच्या बाईंना तर असणारच.

मी नवा रिपोर्ट लिहिला. सही केली.

* * *

पुढचं काय झालं ते आधी सांगून टाकते, म्हणजे कुणी विचारायला नको. प्रदर्शन झालं. बॅनरवर 'संध्याकाळी'च्या जागी 'दुपारी'ची पट्टी चिकटवली. गॅलरीतल्या एसीमुळे ती रोज एका कोपऱ्यातून सुटायची आणि एड्रियन रोज दाबायचा. पाटीही नवी झाली : 'भर उन्हात उत्साहाने भटकणारा, आयुष्यावर प्रेम करणारा हा आनंदयात्री...' सावंत सरांनी विचारलं, "आणि जोडे?" एड्रियन म्हणाला, "जोडे हे प्रतीक आहे, अंकल. उमेदीचं!"

चौदा नंबरच्या नव्या माउंटची खिडकी सावंत सरांनी वरच्या बाजूने बोटभर मोठी कापली. वीस वर्षांत पहिल्यांदाच माप चुकवलं, असं ते सगळ्यांना सांगतात.

माझं प्रोबेशन संपलं. कामाचे तास तेच, फक्त आता टेबलं चौथ्यांदाही मीच पुसते. हौगांगची बस तशीच भरलेली. निनाद तसाच मोजा हातात धरून झोपतो. सासूबाई शेजारणीला सांगतात, "सून चित्रांना पुठ्ठे लावते." खरं तर पुठ्ठे काढले म्हणून एवढं सगळं झालं, पण व्हिडिओ कॉलवर ते समजावण्याचं बळ माझ्यात नाही.

त्या गुरुवारचं मात्र सांगायचं राहिलं.

* * *

मिस्टर क्वेक नेहमीच्या वेळी आले. कुएचा डबा दाराबाहेर ठेवला, हात धुतले. चौदा नंबर टेबलावर उघडंच होतं, माउंटशिवाय. सांगायचं मॅडमनी ठरवलं होतं. त्यांनी घसा साफ केला आणि गळ्यातला चष्मा पुसायला लागल्या. सावंत सरांना अचानक पुठ्ठा मोजायचा होता. उरले मी.

मी रिपोर्ट वाचून दाखवला. तो माझा आवाज इतका मोठा कसा निघाला कोण जाणे. 'मूळ आकाश निळे. रंग उजेडाने उडालेला. सावल्या आखूड. वेळ : दुपार.'

त्यांनी वाकून निळ्या पट्टीकडे बघितलं. मग बोट अगदी कागदाजवळ नेऊन, न लावता, खाली आणलं. झाडापाशी. रस्त्यापाशी. त्या जोडप्याच्या पायांपाशी. तिथे बोट थांबलं.

"एड्रियन म्हणत होता, तुम्हाला वाईट वाटेल," मी म्हटलं. न राहवून.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "गर्ल," ते म्हणाले, "एकतीस नंबर देतेस?"

मी शेल्फवरून छत्री काढली. त्यांनी रजिस्टरमध्ये सही केली, कारण नियम म्हणजे नियम. मुठीच्या तड्यावरून अंगठा फिरवला. आणि तिथेच, टेबलासमोर, छपराखाली, ट्यूबलाइटखाली, छत्री उघडली. वाकलेली काडी करकरली.

स्वतःच्या डोक्यावर त्यांनी ती धरली नव्हती. जरा डावीकडे धरली होती.

मी मॅडम सिमकडे बघितलं. त्या उठल्या. कोपऱ्यातलं एक स्टूल उचललं, फडक्याने पुसलं, आणि छत्रीखाली डाव्या बाजूला आणून ठेवलं.